तीन वेळा फाटलेला रेडिएटर

१

रेडिएटर तिसऱ्यांदा फाटला होता आणि फाटला होता तोही नेमका त्याच जागी, डाव्या पायाशी, जिथे तो चासीवर बसतो तिथे.

आत्याला हे कळलं ते मागाहून. बाहेरच्या उन्हातून ती शेडच्या अंधारात शिरायला गेली, तर तोंडाशीच गटारावरच्या लोखंडी झाकणाला ठेचकाळली. झाकणाची एक बाजू चांगली चार बोटं वर उचललेली होती. तोल सावरत तिने पुढचं पाऊल टाकलं ते थेट पाण्यात. उजवी सँडल पचकन भिजली.

"हे पाणी कुणी सांडलं इथे?"

"सांडलं नाही गं, गळलं," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्याच्याच अंगातून गळलं असावं. "चल, बाहेर चल. तुला दाखवतो."

"आत्ताच तर आत आले!"

पण भाच्याने हाताला धरून तिला पुन्हा उन्हात आणलं. अंगणाच्या मधोमध तो जुना ट्रक उभा होता. त्याचा सांगाडा, म्हणजे चासी, सहा महिने खपून नवी करून घेतली होती. गंज खरवडला, कुजलेल्या जागी पत्रा जोडला, जुने रिव्हेट काढून नवे ठोकले, वर काळा कुळकुळीत रंग. पुढे पितळी रेडिएटर एखाद्या मिशाळ आजोबांसारखा बसवलेला. आणि त्या आजोबांच्या खालच्या टाकीला, डाव्या पायाच्या कडेला, बोटभर फट.

"तिसऱ्यांदा," भाचा म्हणाला. "संध्याकाळी पाणी भरून बघितलं की कोरडा ठणठणीत. सकाळी येऊन बघावं तर हे असं. शनिवारी ट्रक रॅलीत जायचाय. ज्यांचा ट्रक आहे ते स्वतः चालवायला येणारेत. मी त्यांना काय दाखवू, डबकं?"

आत्या एकतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. खराब मालावर लाल खडूने फुली मारायची, हे तिचं काम. तो खडू निवृत्तीनंतरही पर्समध्ये होता आणि ती नजरही होती, त्यामुळे तिला जेवायला बोलवायलासुद्धा लोक कचरत. भाच्याला आत्याची आठवण दोनच वेळा व्हायची, एक तिच्या वाढदिवसाला आणि दुसरी गळ्याशी आल्यावर. वाढदिवसाला अजून चार महिने होते. त्यात मागच्या खेपेला "पुन्हा तुझ्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणार नाही" असं जाहीर करून ती तरातरा निघून गेली होती. ते आता दोघांपैकी कुणीही काढलं नाही.

"यात कुणाचा तरी हात आहे, आत्या," भाचा म्हणाला. "आणि कुणाचा, ते मला माहीत आहे."

२

ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि ग्रीसचे ठसे उमटलेली भिंत. भिंतीपलीकडे पेंटर दुसऱ्या कुठल्याशा गाडीच्या दारावर फवारा मारत होता, म्हणून भाचा दबक्या आवाजात बोलत होता. आत्याला त्याचा शब्द न शब्द ऐकू येत होता.

"वेल्डर," तो म्हणाला.

"काहीतरी बोलू नकोस."

"ऐक तरी. रेडिएटर पहिल्यांदा बसवला त्या दिवशी तो सगळ्यांसमोर काय म्हणाला माहितीय? म्हणाला, रेडिएटर या चासीवर टिकणार नाही. आणि टिकला नाही! सकाळी कुलूप कोण उघडतो? तोच. फाटलेला पहिल्यांदा कुणाला दिसतो? त्यालाच. आज मी अंगणात उभा राहून त्याला सरळ विचारलं, तू का असं करतोस म्हणून. तर तोंडाला कुलूप."

"तू असं म्हणालास? 'तू'?"

भाच्याने खाली बघितलं. वेल्डर एकोणीस वर्षांपूर्वी आला तेव्हा हे वर्कशॉप आत्याच्या भावाचं होतं, आणि भाचा शाळेच्या दप्तरासकट इथे येऊन बसायचा. काच हातात धरून ठिणगीकडे कसं बघायचं, हे त्याला शिकवलं ते वेल्डरने. तेव्हापासून तो त्याला मामा म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

"किती जणांसमोर म्हणालास?"

"सगळे होते. समोरचा रेडिएटरवालासुद्धा धावत आला, मला वाटतं जरा मोठ्यांदाच..." तो थांबला. "आज संध्याकाळपर्यंत दुसरं काही निघालं नाही, तर उद्यापासून येऊ नका म्हणणार आहे. मी ठरवलंय. शत्रू घरात ठेवून काम होत नाही."

आत्याने कपाळावर हात मारला. भाऊ गेला त्या वर्षी ऐन कामाच्या हंगामात हा मुलगा दोन महिने घरात भिंतीकडे तोंड करून बसला होता, आणि वर्कशॉपचं दार एक दिवसही बंद राहिलं नव्हतं. ते दार वेल्डरने उघडं ठेवलं होतं. हे आत्याला लख्ख आठवत होतं. या ठोंब्याला आठवत नव्हतं, की आठवून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

"संध्याकाळ व्हायला किती वेळ आहे?" तिने विचारलं.

"साडेअकरा झालेत."

"मग चहा राहू दे. आधी तुझ्या त्या रेडिएटरवाल्याला बोलाव."

३

रेडिएटरवाला रस्त्यापलीकडून आला तोच भांडायच्या तयारीने. बुटका माणूस, बोटांना डाखाचे, म्हणजे सोल्डरिंगचे, चटके, आवाज फाटक्या भोंग्याचा.

"बाई, तुम्हीच बघा! हे मला म्हणतात डाख कच्चा. माझा डाख कच्चा? एकदा नाही, तीनदा मी तो लावलाय. आता डोळ्यांनी बघा, डाख सुटलाय का?"

आत्या अंगणातच वाकली. पर्समधून तिने भिंग काढलं. भाच्याने डोळे फिरवले.

डाख सुटला नव्हता. डाखाची रेघ सलग होती. फाटला होता तो तिच्या शेजारचा पितळी पत्रा, आणि फाटलेल्या कडा एक बाहेर, एक आत अशा वळल्या होत्या.

"हातोडी मारली असती तर?" तिने विचारलं.

"तर पोचा पडला असता. पोचा कुठाय? हे मारलेलं नाही, बाई, हे पिळलेलं आहे. आपण ओला कपडा पिळतो ना, तसं. वरून डावीकडे, खालून उजवीकडे."

"हाताने पिळता येईल?"

"हा रेडिएटर?" तो आत्याकडे असा बघत राहिला की तिला स्वतःचाच राग आला. "चार माणसं लागली बसवायला. पिळायला राक्षस आणा."

"बरं, एक सांगा. या तिन्ही वेळा ट्रक कुणी चालवला होता का? कुठे नेला होता का?"

"नाही," रेडिएटरवाला म्हणाला.

"नाही," भाचा म्हणाला. "इंजिन चालू केलं ते जागच्या जागी. ट्रक महिनाभर जागचा हललेला नाही."

"जागचा हललेला नाही, आत्याबाई," भिंतीआडून पेंटरनेही न विचारता साक्ष दिली.

म्हणजे उभ्या ट्रकचा रेडिएटर, कुणी हात न लावता, रात्रीत पिळला जात होता. आत्याने भिंग मिटलं. एकतीस वर्षांत तिला लोखंडाने कधी फसवलं नव्हतं. फसवायची ती माणसं, आणि इथे तर तिघेही एका सुरात बोलत होते.

"मग चासीच वाकडी असणार," भाचा म्हणाला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "वाकड्या चासीवर बसवला की पिळणारच! आणि चासी कुणी केली? वेल्डरने!"

४

"दोरी आण," आत्या म्हणाली.

चासी सरळ आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. डाव्या पुढच्या कोपऱ्यापासून उजव्या मागच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणायची, गाठ मारायची. मग तीच दोरी दुसऱ्या तिरक्या बाजूने ताणायची. दोन्ही तिरके सारखे तर चासी सरळ. पेंटर एक टोक धरायला आला आणि दोरी धरता धरता त्याने आपली पाठदुखी, शेजाऱ्याचा कुत्रा आणि हल्लीच्या रंगांचा दर्जा असे तीन विषय उरकले. ट्रकच्या पोटाखालून सरपटताना आत्याच्या साडीला काळा पट्टा लागला. गाठ अचूक कोपऱ्यावर आली.

तिने दोनदा मोजलं, कारण भाचा "परत मोज" म्हणाला. तिसऱ्यांदा मोजायला सांगितल्यावर तिने दोरी त्याच्या अंगावर फेकली.

चासी सुतात होती. इतकं सरळ काम तिने कारखान्यातसुद्धा क्वचित पाहिलं होतं.

वेल्डर कोपऱ्यात एका फाटकाच्या कड्या जोडत बसला होता. आत्या त्याच्यासमोर उलट्या डब्यावर बसली. त्याने काच बाजूला केली.

"चासी उत्तम झालीय," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

"मग रेडिएटर का फाटतो?"

"सांगितलं होतं."

"कुणाला?"

त्याने ऑफिसच्या दिशेने हनुवटी उचलली.

"काय सांगितलं होतं?"

"एकदा सांगितलं होतं, ताई," वेल्डर म्हणाला, आणि काच पुन्हा डोळ्यांसमोर धरली. निळी ठिणगी उडाली. आत्याला तोंड फिरवावंच लागलं.

ती उठली तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. एक माणूस दिवसभर बोलत होता आणि त्यात कामाचं काही नव्हतं. दुसऱ्याकडे कामाचं एकच वाक्य होतं आणि ते तो दुसऱ्यांदा उच्चारायला तयार नव्हता. या दोघांना एकत्र वितळवून एक शहाणा माणूस ओतता आला असता तर किती बरं झालं असतं!

घड्याळात तीन वाजले होते. मग तिच्या लक्षात आलं, की ते वाक्य अंगणात सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं, आणि बोलघेवड्या माणसांचे कान बहुतेक वेळा उघडेच असतात.

"पेंटर!" तिने हाक मारली. "पहिल्यांदा रेडिएटर बसवला तेव्हा वेल्डर काय म्हणाला होता? अगदी पहिल्या शब्दापासून सांगा."

५

"म्हणाला," पेंटरने फवाऱ्याची बंदूक खाली ठेवली आणि वेल्डरसारखी मान खाली घालून आवाज जाड केला, "म्हणाला, स्प्रिंगा सापडेपर्यंत बसवू नका, अशाने रेडिएटर या चासीवर टिकणार नाही. साहेब फोनवर होते. हाताने म्हणाले, बसव बसव. मग याने बसवला."

आत्या सावकाश भाच्याकडे वळली.

"'स्प्रिंगा सापडेपर्यंत,'" ती म्हणाली. "हे अर्धं वाक्य तू कुठे ठेवलंस?"

"मला... टिकणार नाही एवढंच लक्षात राहिलं," भाचा म्हणाला.

"कसल्या स्प्रिंगा?"

कुणाला सांगता येईना. पेंटर म्हणाला, वेल्डरची एक पद्धत आहे. काहीही उघडायच्या आधी तो ते खडूने भिंतीवर काढतो, कुठल्या वस्तूवर कुठली वस्तू, वरून खाली, आणि मग उघडलेले भाग त्याच क्रमाने तारेत ओवून खिळ्याला टांगतो. म्हणून तर त्याला बोलावं लागत नाही.

"मग ते चित्र कुठाय?"

पेंटरने बोट दाखवलं. तिथे रॅलीचं भलंमोठं चकचकीत पोस्टर चिकटवलेलं होतं. आत्याने त्याचा कोपरा धरला.

"अगं, एकच आहे ते!" भाचा ओरडला.

पोस्टर टरटर उतरलं. खाली पांढऱ्या खडूने काढलेलं नेटकं चित्र होतं. वर रेडिएटरचा पाय, मध्ये चासीचा पट्टा, दोघांतून आरपार जाणारा बोल्ट. पट्ट्याच्या वर एक स्प्रिंग आणि रबराची चकती, खाली पुन्हा चकती आणि स्प्रिंग, शेवटी नट. डाव्या पायाला असंच, उजव्या पायाला असंच. म्हणजे चार स्प्रिंगा, चार चकत्या.

खिळ्याला टांगलेल्या तारेत एक जादा वॉशर तेवढा उरला होता.

"आता कळलं," आत्या म्हणाली. "जुन्या ट्रकची चासी खड्ड्यात थोडी पिळते. पिळते म्हणून तुटत नाही. पण रेडिएटरला पिळणं सोसत नाही, म्हणून त्याला स्प्रिंगांवर बसवायचं. खाली चासीने काय हवं ते करावं, वर हा आपला निवांत. तुम्ही तो चासीला आवळून टाकलात. स्प्रिंगा तारेतून गेल्या कुठे?"

"तार मी सोडली होती," पेंटर म्हणाला आणि लगेच हात वर केले. "रंगवायला सोडावीच लागते. शनिवारी सगळ्याला तांबडं अस्तर, म्हणजे पहिला हात, दिलं, रॅकवर वाळत टाकलं. सोमवारी रॅकवर जे होतं त्याला काळा मारला आणि ओवून ठेवलं. मोजलं नाही. मोजायचं माझं काम नाही, आत्याबाई."

"शनिवार ते सोमवार. मध्ये रविवार," आत्या म्हणाली. "रविवारी इथे कोण असतं?"

"कुणीच नाही, सुटी असते," भाचा घाईघाईने म्हणाला. "पण किल्ली वेल्डरकडे असते! बघ, म्हणजे त्यानेच लपवल्या, आणि वर साळसूदपणे सांगितलं सापडेपर्यंत बसवू नका. आणि हे बघ, तू म्हणतेस खड्ड्यात पिळते. खड्डा कुठाय? ट्रक उभा आहे! स्प्रिंगा नसल्या तरी उभा ट्रक रात्रीत का फाटेल?"

मुद्दा बरोबर होता. भाचा आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी वाद जिंकला होता आणि ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. बाहेर वेल्डरने आपली काच फडक्यात गुंडाळली, हातमोजे घडी केले आणि सगळं पिशवीत भरायला घेतलं. रोज तो ते टेबलावर ठेवून जायचा.

६

साडेपाच वाजले होते. आत्या ऑफिसच्या पायरीवर बसून ओली सँडल उन्हाकडे धरून वाळवत होती आणि स्वतःला शिव्या देत होती. दिवसभर त्या सँडलने चावून चावून टाच सोलली होती. आल्या आल्याच त्या डबक्यात पाय...

ती थांबली. डबकं शेडमध्ये होतं. ट्रक अंगणात होता.

तेवढ्यात अंगणात आरडाओरडा झाला. पेंटर, भाचा आणि शेजारच्या गॅरेजमधले दोघे ट्रकच्या नाकाला खांदा लावून उभे राहिले होते. स्टिअरिंगवर वेल्डर होता. रोजचं काम म्हणून तो शेवटच्या दिवशीही चढला होता.

"काय करताय?" आत्या ओरडली.

"आत घेतोय," भाचा म्हणाला. "रात्री दव पडतं."

"रोज घेता?"

"रोजच. सकाळी बाहेर काढतो, संध्याकाळी मागे ढकलत आत घेतो."

"आणि मला सकाळपासून तिघेजण सांगताय, ट्रक महिनाभर जागचा हलला नाही!"

"हलवला कुठे?" भाचा खरोखरच गोंधळला होता. "आत घेतोय फक्त."

आत्याने डोळे मिटले, दहापर्यंत मोजायला सुरुवात केली आणि चारला सोडून दिली. "थांबा. कुणी हात लावायचा नाही." ऑफिसातलं वर्तमानपत्र फाडून तिने बोटभर रुंद पट्टी केली आणि रेडिएटरच्या फटीवर आडवी, दोन्ही टोकांना खळ लावून चिकटवली. "आता घ्या आत. रोज घेता तसाच, सूतभरही वेगळा नाही."

ट्रक मागे सरकला. मागची चाकं गटारावरून खडखडत आत गेली. शेड तोकडी होती, त्यामुळे ट्रकची पाठ मागच्या भिंतीला टेकली तेव्हा पुढची चाकं नेमकी दाराशी आली. उजवं जमिनीवर राहिलं, आणि डावं चढून बसलं ते त्या चार बोटं उचललेल्या झाकणावर.

टर्र.

कागदाची पट्टी मधोमध फाटली. अर्धी वर, अर्धी खाली लोंबत राहिली.

"हा तुमचा राक्षस," आत्या म्हणाली. "तुमचा ट्रक रोज रात्रभर एक पाय वर करून उभा असतो. चासी पिळते, ती सोसते. रेडिएटर आवळलेला, तो फाटतो. सकाळी तुम्ही त्याला सपाट जमिनीवर आणता आणि फाटला कसा म्हणून डोकं धरता."

तिने लाल खडू काढला आणि झाकणावर मोठी फुली मारली.

भाच्याने लोंबणारी पट्टी बोटाने उचलून पाहिली. पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि ते रक्त आत्याचंच होतं. "पण स्प्रिंगा?" तो म्हणाला. "स्प्रिंगा तर कुणीतरी नेल्याच ना?"

७

पेंटर दिवसाचं काम आवरायला भिंतीआड गेला आणि त्याने बटण बंद केलं. एक हलकी घरघर थांबली.

थांबली तेव्हा आत्याला कळलं की ती चालू होती.

"ते काय होतं?"

"कॉम्प्रेसर," पेंटर म्हणाला. "हवेचा. दिवसभर चालू होता की."

आत्या उभी राहिली. तिला एकदम आपली मागची खेप आठवली. त्या शनिवारी याच ऑफिसात, याच खुर्चीवर बसून तिला भाच्याशी ओरडून ओरडून बोलावं लागलं होतं. भिंत थरथरत होती, चहाचा कप बशीत नाचत होता. आणि आज भाचा सकाळपासून कुजबुजत होता, आणि तिला शब्द न शब्द ऐकू येत होता.

ती भिंतीआड गेली, सोललेल्या टाचेसकट गुडघ्यांवर बसली आणि खाली डोकावली. कॉम्प्रेसरला चार पाय होते. प्रत्येक पायाखाली एक रबराची चकती आणि तिच्याखाली एक गुबगुबीत स्प्रिंग होती. स्प्रिंगांवर फक्त तांबडं अस्तर होतं. काळ्या हाताची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

"कुणी बसवल्या या?" तिने विचारलं, पण विचारताना तिचा आवाज जरा उतरला होता.

भाच्याचा चेहरा आधी लाल झाला, मग अस्तराच्याही पलीकडे गेला.

"रविवारी मी आलो होतो," तो म्हणाला. "एकटाच. पेंटरच्या रॅकवर चार स्प्रिंगा आणि चार चकत्या पडल्या होत्या... मला वाटलं भंगारातल्या असतील. नेमक्या बसल्या. सोमवारी इतकं शांत वाटलं की... मी विसरूनच गेलो गं. आणि आत्या, तूच तर म्हणाली होतीस! या धडधडाटाखाली काहीतरी घाल, नाहीतर पुन्हा तुझ्या वर्कशॉपमध्ये पाऊल टाकणार नाही. म्हणून तर मी..."

एकतीस वर्षं खराब माल शोधला, पण फुली मारताना आपलाच हात आड येईल असं कधी वाटलं नव्हतं. या कार्ट्याने सुटीच्या दिवशी येऊन, स्वतःच्या हाताने, तिच्यासाठी ते केलं होतं. आणि तिच्या त्या एका तणतणण्यापायी एकोणीस वर्षांचा माणूस पिशवी भरून दाराशी उभा होता. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती चिडली.

"काढ त्या. आत्ता," ती म्हणाली. तिने लाल खडूने कॉम्प्रेसरवर फुली मारली, फाटलेल्या पोस्टरवर मारली, आणि मग पाय पुढे घेऊन स्वतःच्या सँडलवरही एक मारली. ओल्या चामड्यावर ती छान उठली.

स्प्रिंगा निघाल्या. कॉम्प्रेसर पुन्हा उघड्या फरशीवर आला. स्प्रिंगांमधली धूळ उडवायला पेंटरने बटण दाबलं, आणि अख्खं वर्कशॉप हादरायला लागलं. खिडकीची काच कडकड वाजू लागली.

भाचा वेल्डरसमोर जाऊन उभा राहिला. त्याचे ओठ हलले. ऐकू कुणालाच आलं नाही.

पेंटर बटणाकडे वळला. आत्याने त्याचं मनगट धरलं. "राहू दे चालू!" मग ती भाच्याच्या कानाशी जाऊन ओरडली, "सकाळी आरोप केलास तेव्हा रस्त्यापलीकडे ऐकू गेलं होतं! आता पुटपुटतोस?"

भाच्याने छाती भरून श्वास घेतला.

"मामा, माझं चुकलं! स्प्रिंगा मी काढल्या होत्या! तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही!"

रस्त्यापलीकडून रेडिएटरवाला धावत आला. "काय झालं? परत फाटला?"

भाच्याने आत्याकडे बघितलं. आत्याने भुवया उचलल्या. मग तो रेडिएटरवाल्याकडे तोंड करून, मान ताठ करून, डोळे भरून आले तरी ते न पुसता, पुन्हा एकदा पहिल्यापासून ओरडला. शेजारच्या गॅरेजमधले दोघेही ऐकत राहिले.

वेल्डरने पिशवी टेबलावर ठेवली. फडकं सोडून काच बाहेर काढली, रोजच्या जागी ठेवली. स्प्रिंगा एकेक करून हातात घेतल्या, भिंतीवरच्या चित्राकडे बघत त्याच क्रमाने तारेत ओवल्या आणि तार खिळ्याला टांगली. मग त्याने स्वतः जाऊन कॉम्प्रेसर बंद केला.

"एकदा पुरे होतं," तो म्हणाला.